एक दात चढव

आमच्या घरात मुलांना आधी एकशे आठ पॉइंट सहा चार दोन हा आकडा शिकवतात, मग शंभरपर्यंत मोजायला. बाबांच्या टोपीवर तो भरतकामात आहे, पिकअपच्या नंबर प्लेटवर आहे, आणि वायफायचा पासवर्डही तोच आहे. पाहुण्यांनी पासवर्ड मागितला की बाबा म्हणतात, "हाच आकडा का, ते विचारा ना." पाहुणे बिचारे विचारतात. जेवण गार होतं.

अकरा वर्षांपूर्वी वेंडोव्हरजवळच्या मिठाच्या मैदानावर बाबांनी १९५५ ची पाचशे सीसी ट्रायम्फ ताशी इतक्या मैलांनी पळवली. जुन्या, फेरफार केलेल्या पाचशेंच्या वर्गातला तो विक्रम अजून त्यांच्या नावावर आहे. व्हर्ल थरगुड, पोकाटेलो, आयडाहो. मी त्यांचा मुलगा रूलन, वय सत्तावीस. काउंटीच्या रस्त्यांवर वेगमर्यादेच्या पाट्या बसवणं हे माझं काम. घरात माझ्याविषयी फारसं बोललं जात नाही.

बाबा पाहुण्यांना एक गोष्ट सांगत नाहीत. ती गाडी नेड्रा आत्याची आहे. इंजिन तिनं उघडलं, तिनंच बांधलं. फ्रेम तिनं कापली, तिनंच जोडली. विक्रमही तीच करणार होती. आठवडाभर आधी चर्चच्या सॉफ्टबॉल सामन्यात तिचं मनगट मोडलं. हे सामने प्रार्थनेनं सुरू होतात आणि एक्सरेनं संपतात. प्रवेशाचे पैसे भरलेले होते, म्हणून ती धाकट्या भावाला म्हणाली, "माझ्या जागी तू चालव." त्यानं चालवली. मग तो त्या जागेवरून उठलाच नाही.

त्यानंतर आत्यानं चार वेळा प्रयत्न केला. एकशे पाच, एकशे सहा, पाऊस, एकशे साडेसहा. यंदा आयोजकांचं पत्र आलं. या वर्गात आता दोनच गाड्या उरल्यात, सबब पुढच्या वर्षापासून वर्ग बंद, विक्रम कायमचा गोठवण्यात येईल. म्हणजे यंदा झालं नाही तर आत्याच्या इंजिनावर बाबांचं नाव कायमचं. पत्र वाचून आत्यानं ते घडी घालून हातमोज्यात ठेवलं. बाबांनी त्याची प्रत फ्रेम करून घेतली.

आत्या कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आत्या मेणात एकेक दात लावून, हिरड्या रंगवून अख्खं हसू परत पाठवते. उंची सहा फूट, वय एकसष्ट. समोरचा बोलत असला की ती त्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघते. त्यामुळे आयडाहोच्या आग्नेय भागात तिच्याशी खोटं बोलणं अवघड जातं.

आता स्प्रॉकेटविषयी, ज्यांना गरज नाही त्यांच्यासाठी. मोटारसायकलची चेन दोन दातेरी चाकांवरून फिरते. पुढचं छोटं, गिअरबॉक्सला. मागचं मोठं, मागच्या चाकाला. पुढचे दात वाढवले की गाडी लांब ढांगा टाकते, पण लांब ढांग टाकायला इंजिनात दम लागतो. पुढचे कमी केले की पावलं आखूड, पण भराभर. मागच्याचं बरोबर उलटं, आणि पुढचा एक दात म्हणजे मागचे साधारण दोन. एवढंच शास्त्र आहे. यावरून झालेले दोन घटस्फोट मी स्वतः पाहिलेत.

शिवाय मिठावर एक रीत आहे. आपल्या दातांचा आकडा कोणी मोठ्यानं बोलत नाही. लोक वय सांगतील, वजन सांगतील, मूळव्याधीचं ऑपरेशन टाक्यांसकट सांगतील. दात विचारले की म्हणतात, "यंदा ऊन फार आहे." गाडी उभी केली की आधी स्प्रॉकेटवर टॉवेल टाकायचा, मग हेल्मेट काढायचं. आमच्या टॉवेलवर बदकं आहेत.

तर गुरुवारी सकाळी साडेनऊला आत्या बाबांच्याच चोवीस दातांवर धावली आणि एकशे चार पॉइंट तीन झाले. विक्रमाला दोन धावा लागतात, एक आज, एक उद्या सकाळी, आणि दोन्हींची सरासरी. आजच्या रांगेत तीनच्या आत उभं राहिलं तरच आणखी एक संधी होती. उद्या स्पर्धेचा शेवटचा दिवस.

बाबा पिटमधल्या, म्हणजे गाड्या जुळवायच्या तळावरच्या, आमच्या तंबूत घडीच्या खुर्चीवर बसून मयताचे बटाटे खात होते. हे आमच्याकडे मयताच्या जेवणाला चीज घालून भट्टीत करतात. मयत नसलं तरी करतात.

"तुला दात कमी पडतायत," बाबा म्हणाले.

"हो का?"

"अजून एक वाढव." आकडा बोलता येत नव्हता, म्हणून त्यांनी पंचवीस बोटांनी दाखवले. दहा, दहा आणि पाच. पलीकडच्या तंबूतल्या माणसाला वाटलं ते हात हलवतायत. त्यानंही हलवला.

आत्यानं इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या रेव्हच्या काट्याकडे बोट दाखवलं. या घड्याळात एक लाल काटा असतो. इंजिन जास्तीत जास्त जिथवर फिरलं तिथे तो अडकून राहतो आणि चुगली करतो. "बासष्टशे," ती म्हणाली. "या इंजिनाचा खरा जोर अडुसष्टशेला येतो. तिथवर ते पोचतच नाहीये, मधेच धापा टाकतंय. आणि धापा टाकणाऱ्याला तू अजून लांब ढांग टाकायला सांगतोस?"

"मी याच दातांवर गेलो ना."

"तू साडेपाच फुटी. टाकीवर पालथा पडलास की पोस्टाचं पाकीट. मी पडले की तंबू. माझ्यावर वारा किती आपटतो बघ. आणि त्या दिवशी वारा तुझ्या पाठीशी होता."

"वारा नव्हता."

"व्हर्ल, फोटो काढताना तुझी टोपी उडून हद्दीपलीकडे नेवाडात गेली होती."

"ते फोटोच्या वेळी. धावेच्या वेळी नव्हता."

"चार वर्षं मी तुझी कवळी माझ्या तोंडात बसवतेय," आत्या म्हणाली. "हिरडीला घासते, बोलताना निसटते, आणि मला वाटतं माझंच तोंड वाकडं. आता माझं माप घेते."

बाबांनी बटाट्याचा घास तसाच धरला. आपल्या आकड्याला कोणी कवळी म्हणेल हे त्यांनी मनात आणलं नसावं.

आत्यानं वही काढली आणि अर्धा तास भागाकार केले. मागचे त्रेचाळीस तसेच ठेवून पुढे एक कमी केला, तेवीस, की काटा अडुसष्टशेला पोचेल आणि वेग एकशे नऊच्या आसपास जाईल. बावीस केले तर इंजिन नुसतं किंचाळेल. तेवीसच. तिनं आकड्याभोवती गोल काढला आणि वहीवर बदकांचा टॉवेल टाकला.

तेवढ्यात तपासनिसाचा निरोप आला की नेड्रा थरगुडच्या चामडी कोटाची शिवण उसवलीय, दाखवायला या. आजूबाजूला बरेच कान होते. आत्या माझ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "पुढचा. एक दात चढव." आणि कोट खांद्यावर टाकून गेली.

आता घडलं ते असं. डब्यात पुढची दोन स्प्रॉकेटं होती, तेवीस आणि पंचवीस. मी आख्खी सकाळ आत्याचं म्हणणं ऐकलं होतं, कमी करायचं हे मला समजलंही होतं. पण मिठावर सगळे 'चढव' म्हणतात ते वाढवायला. वाटलं, वहीत शेवटी काहीतरी वेगळं निघालं असेल, आणि टॉवेल उचलून बघणं रीतीत बसत नव्हतं. भागाकाराच्या बाबतीत मी मोठ्या माणसांना अडवत नाही.

तरी मी बाबांना विचारलं. "चढव म्हणजे मोठंच ना?"

बाबांनी बराच वेळ क्षितिजाकडे पाहिलं. मिठावर क्षितिज भरपूर आहे. "पिटमध्ये," ते म्हणाले, "चढव म्हणजे मोठं."

पुढचं स्प्रॉकेट क्लचच्या मागे असतं. वाटेतलं सगळं उतरवायचं, स्प्रॉकेट बदलायचं, सगळं परत चढवायचं, मग झाकणाला डिंक लावून तो वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं. अडीच तास. दीड वाजता मी हात पुसले. स्वतःवर खूश होतो. असं क्वचित होतं, म्हणून नोंदवतो.

आत्या कोट शिवून, पुन्हा तपासून घेऊन आली, टॉवेल उचलला आणि झाकणामागच्या फटीतून वाकून बघत राहिली. तिला मोजावं लागत नाही. माणसानं जांभई दिली तरी ती सांगते किती दात आहेत आणि कुठले खोटे.

"रूलन, हे पंचवीस आहे."

ती हे नेहमीच्या आवाजात बोलली. चारी बाजूंच्या तंबूंत सामसूम झाली. आकडा बोलला गेला होता. पलीकडचा हात हलवणारा माणूस शरमेनं आपल्या गाडीत जाऊन बसला.

"तूच म्हणालीस ना, चढव."

"चढव म्हणजे चढाला लाव. चढ चढताना जसं लावतात तसं. जोर वाढव, ढांग आखूड कर." तिनं टॉवेल परत टाकला. "तुला कसं माहीत असणार म्हणा. तू चार वर्षांचा होतास आमचे बाबा गेले तेव्हा."

माझे आजोबा ऑरिन थरगुड बीट पिकवायचे. शरदात बिटानं भरलेली गाडी चिखलातून बाहेर काढताना ट्रॅक्टरचा सगळ्यात हळू आणि सगळ्यात जोरकस गिअर लागायचा, आणि आजोबा त्याला 'चढ' म्हणायचे. त्या घरात 'चढव'चा अर्थ एवढाच. मिठावरच्या 'चढव'च्या नेमका उलटा.

आत्या वळली. "व्हर्ल, यानं तुला विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"मग?"

"पिटमध्ये चढव म्हणजे वाढवच. कोणालाही विचार."

"तुलाच विचारतेय. बिटाच्या रानात बाबा ओरडायचे, व्हर्ल, चढव, तेव्हा तू काय करायचास?"

बाबांनी टोपी काढली, आतून बघितली, परत घातली. "तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो."

"आणि आता?"

"अठ्ठावन्न."

आत्या त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बाबांनी ते मिटून घेतलं.

मला वाटलं आता सॉफ्टबॉल होणार. पण आत्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. एक पस्तीस. रांग तीनला बंद. पुढचं पुन्हा बदलायला अडीच तास. हा हिशेब तिला वहीशिवाय जमला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पुढे चुकलंय तर मागे निस्तरू. मागचं वीस मिनिटांत बदलता येतं." वही उघडली. पंचवीसला हवं तेच प्रमाण आणायचं तर मागे सत्तेचाळीस. "सत्तेचाळीस दाती कोणाकडे असेल?"

कोणाकडेच नव्हतं. मी पळत सगळी पिट पालथी घातली. आकड्याची रीत आता मोडलीच होती, म्हणून मोठमोठ्यानं विचारत गेलो. लोक घाबरून मुलांना आत घेत होते. मिठावर मागचं मोठं स्प्रॉकेट कोण आणतो? इथे सगळे वेग घ्यायला येतात. चाळीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस. एका माणसाकडे पन्नासचं होतं, पण त्यावर तो मांस भाजत होता.

परत आलो तर आत्या ओडरमॅट आजींच्या कॅम्परच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, दारात उभी होती. लरू ओडरमॅट, वय ऐंशीला टेकलेलं, पॅरिसहून आलेल्या. आयडाहोतलं पॅरिस. त्यांच्या भिंतीवर एक घड्याळ होतं. मिस्टर ओडरमॅटनी ते तरुणपणीच्या टेकडी चढायच्या मोटारसायकलच्या मागच्या स्प्रॉकेटपासून बनवलं होतं. टेकडी चढायला मागे दात खूप लागतात. आत्या बोट लावून दात मोजत होती, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, जबडा मोजतात तसे.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली.

"म्हणूनच ते पुढेमागे होतं," आजी म्हणाल्या. "सत्तेचाळीसला बारानं भाग जात नाही गं. आमच्याकडे पाच नेहमी उशिरा वाजतात."

"आजी, मला हे हवंय."

"हवंय म्हणजे?"

"मोटारसायकलला लावायला."

आजींनी पलंगाकडे पाहिलं. तिथे मिस्टर ओडरमॅट तोंड उघडं टाकून झोपले होते. कवळी आत्याचीच होती. दर वर्षी मिठाच्या धक्क्यांनी चार-पाच म्हाताऱ्यांच्या कवळ्या तडकतात, म्हणून आत्या सामानाची पेटी घेऊनच येते. मंगळवारी तिनं मिस्टर ओडरमॅटच्या दोन दाढा परत बसवून दिल्या होत्या.

"परवापासून मका खातायत," आजी म्हणाल्या. "कणीस आडवं धरून. चाळीस वर्षांनी बघितलं मी ते." मग थोडा विचार केला. "घेऊन जा. पण हळू काढा. ते उठल्यावर आधी घड्याळाकडे बघतात, मग मी जिवंत आहे का ते बघतात."

आम्ही घड्याळ चालू असतानाच काढलं. आजींनी काटे आणि यंत्र एका कागदी ताटलीवर ठेवून घेतलं. ते तिथेही टिकटिकत राहिलं.

चेन दातांवर बरोबर बसली. भोकं मात्र बसेनात. आमच्या चाकाला सहा बोल्ट, त्यांची जागा वेगळी. आणि मधलं भोक जरासं मोठं, त्यामुळे स्प्रॉकेट मध्यावर राहीना. ते तसूभर जरी सरकलं तरी शंभरावर चेन नाचू लागते आणि मग पाय कुठे ठेवावा हे कळत नाही.

आत्यानं पेटी उघडली. गुलाबी मेणाची पट्टी काढून लायटरवर ऊन केली आणि चाकाच्या बोल्टांवर अंगठ्यानं दाबली. सहा बोल्ट, सहा ठसे. पट्टी उचलून स्प्रॉकेटवर ठेवली, ठशांतून खिळ्यानं खुणा केल्या. मग कवळीच्या हिरड्यांचं गुलाबी मिश्रण कालवून मधल्या भोकाच्या कडेला भरलं, ते घट्ट झाल्यावर कोरलं, चाकावर लावून बघितलं, काढलं, पुन्हा कोरलं. असं तीन वेळा. ती हे करत असताना मी बोललो नाही. माझा दातांच्या दवाखान्याचा अनुभव असा की अशा वेळी बोलता येत नाही.

"ड्रिल," ती म्हणाली.

आमच्याकडे ड्रिल नव्हतं. बाबांच्या पिकअपमध्ये होतं, आणि जनरेटरही. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. बाबा खुर्चीत बसलेले. आत्यानं त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. हात मात्र मागे करून उघडा धरला.

हात तसाच राहिला. मी मनात मोजू लागलो, पण घरची सवय अशी की मी एकशे आठपासून सुरू केलं. एकशे पंधराला बाबा उठले, पिकअपकडे गेले आणि ड्रिल आणून त्या हातात ठेवलं.

"नवं टोक लाव," ते म्हणाले. "जुन्यानं भोक तिरपं पडतं."

"माहितीय."

"मधे तेल सोड."

"माहितीय, व्हर्ल."

"चेनही लांब लागेल. दोन्हीकडे दात वाढलेत. निदान दोन कड्या." ते खाली बसले, मांडीवर चेन घेतली आणि कड्या जोडू लागले. टोपी डोळ्यांवर ओढलेली होती, आकड्यासकट. त्या आकड्याचं पुढे काय होणार हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा आधी कळलं होतं, कारण बोटं भराभर चालत होती आणि मान वर होत नव्हती. एकदाच ते म्हणाले, "मी त्याला सांगायला हवं होतं."

"हो," आत्या म्हणाली. "धर हे."

त्यांनी धरलं. सहा भोकं पडली. बोल्ट आवळले. चेन चढवली आणि चाक हातानं फिरवलं. ते एका रेषेत फिरत राहिलं, मधोमध हिरडीच्या रंगाचं कडं.

तीनला चार मिनिटं असताना आम्ही गाडी ढकलत रांगेत घुसलो. तिथे एक तपासनीस होता, लाल शर्टवाला, खिशाला सहा पेनं. तो मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला आणि बसूनच राहिला.

"हे गुलाबी काय आहे?"

"हिरडी," आत्या म्हणाली.

"कशाला?"

"दात आहेत ना."

त्यानं स्प्रॉकेट हलवून बघितलं, हललं नाही. बोल्टांना पाना लावून बघितला, फिरले नाहीत. नियमांचं पुस्तक काढून हिरडीवर काही आहे का ते शोधलं. नव्हतं. त्यानं सही केली. सही करताना पेन बदललं, दोनदा.

साडेचारला आत्याचा नंबर आला. मिठावर आपल्याला दिसतं ते एवढंच: माणूस लहान होत जातो, मग नुसता आवाज उरतो, मग तोही नाही. पण आवाजावरून पुष्कळ कळतं. सकाळी तो वरच्या गिअरला येऊन जाड झाला होता, तोंडात घास कोंबल्यासारखा. आता तो चढत गेला, अजून चढला आणि वरच टिकला.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. "पोचलं," ते म्हणाले.

गाडी परत आली तेव्हा लाल काटा अडुसष्टशेवर अडकलेला होता. त्याआधीच पलीकडून रेडिओवर आकडा आला होता: एकशे आठ पॉइंट नऊ सात एक.

बाबांच्या विक्रमापेक्षा मैलाच्या तिसऱ्या हिश्शानं जास्त. पण ही अर्धीच गोष्ट होती. गाडी आयोजकांच्या कुलपात गेली, उद्या सकाळची धाव त्याच दातांवर करायची. रात्री वारा फिरला असता, मीठ ओलावलं असतं, हिरडी सुटली असती, तर सरासरी खाली. आत्या जेवली आणि झोपायला गेली. मी विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "माप घेतलंय. आता तोंडानं साथ द्यायची." आणि झोपलीसुद्धा. आम्ही दोघे बापलेक मात्र तंबूबाहेर रुमाल धरून वारा बघत बसलो, उजेड असेपर्यंत. बाबांचा रुमाल हलला नाही. ते त्यावर खूश होते की नाही ते मला ठरवता आलं नाही. त्यांनाही नसावं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता हवा गार होती. गार हवेत इंजिनाला बरं वाटतं. आत्या टाकीवर पालथी पडली. तंबू शक्य तितका घडी केलेला. बाबांनी पुढे होऊन तिची कोपरं आत दाबली. "अजून आत," म्हणाले. तिनं घेतली.

ती गेली. आवाज चढला, टिकला, विरला.

एकशे नऊ पॉइंट दोन शून्य तीन.

नोंदीची जागा म्हणजे एक टेबल, एक छत्री आणि एक बाई. बाईंसमोर जाड रजिस्टर होतं. त्यांनी दोन्ही आकडे मिळवून दोननं भागले, मग यंत्रावर भागले, मग शेजारच्या माणसाला भागायला लावले. तिघांचं एकच आलं: एकशे नऊ पॉइंट शून्य आठ सात.

"नाव?"

"नेड्रा थरगुड."

"इंजिन कोणी बांधलं?"

"मीच."

बाईंनी लिहिलं. मग रजिस्टरच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथली नोंद अकरा वर्षांची होती आणि शाई फिकी पडली होती. "इथे आधीच एक थरगुड आहे. तोच का?"

"नाही," आत्या म्हणाली. "तो दुसरा."

बाबा तिच्या मागेच उभे होते. त्यांनी टेबलावर वाकून तिची ओळ तपासली, अक्षर न् अक्षर. "थरगुडच्या स्पेलिंगमध्ये दोन ओ आहेत," ते बाईंना म्हणाले. "माझ्या वेळी एकच लिहिला होता. हिचं तरी नीट लिहा."